कीपरची तिरडी

राजापेठ, अमरावती
सोमवार, ता. १९ ऑगस्ट १९६३

चि. सौ. कौशल्या, तुला आणि घरच्या सगळ्यांना जयभीम.

तुझी चिठ्ठी मिळाली, पण फार उशिरा मिळाली. कंडक्टरनं ती केशवरावच्या पानठेल्यावर कुणाच्या तरी हातात दिली, तिथून ती या खिशातून त्या खिशात फिरली, आणि माझ्या हाती आली तोवर चार वाजताची अकोला गाडी निघून गेली होती. नाहीतर मी आलोच असतो, हे तुला सांगायला नको. आज निघावं म्हटलं तर तहसील कचेरीत तक्त्यांची घाई आहे आणि साहेब रजा देत नाहीत.

जावईबापूंची तब्येत कशी आहे? डोक्याला लागलं, शुद्ध नाही, असं तू लिहिलंस. आता शुद्धीवर आले असतीलच. मागं त्यांचं बोट मोडलं तेव्हाही तू अशीच घाबरली होतीस, आणि पंधरा दिवसांनी ते बोटाला पट्टी बांधून गोलात उभे होते. अकोल्याच्या नवजवान संघाचा कीपर इतक्यानं आडवा होत नाही. आम्हा अमरावतीकरांना हे कुणी शिकवायला नको, नऊ वर्षं त्यांनी आम्हाला रडवलं आहे.

एक गोष्ट तुझ्या कानावर येईल म्हणून आधीच लिहितो. आमचा उदय क्लब अकोल्याच्या मैदानावर नऊ वर्षांनी जिंकला. त्या आनंदात पेठेतल्या लोकांनी काल जरा खेळ केला. फुटबॉलच्या शौकिनांना काळवेळ नसतो. मी गर्दीत होतो इतकंच. कुणी तिखटमीठ लावून सांगितलं तर मनावर घेऊ नकोस.

बाबांचे गुडघे धरले आहेत, त्यांना एस.टी. झेपायची नाही. माय असती तर तीच तुझ्याकडे आली असती. उलट टपाली दोन ओळी टाक.

तुझा भाऊ
शेषराव


राजापेठ
शुक्रवार, ता. २३ ऑगस्ट १९६३

कौशल्या,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन गल्लीत आला की मी कचेरीला जायचा थांबतो. काल त्याच्यामुळे हजेरीपुस्तकावर लाल रेघ ओढून घेतली.

डोमाजी ड्रायव्हरकडून कळलं की जावईबापू बुधवारी शुद्धीवर आले. ऐकून फार बरं वाटलं. डोळ्यांवर पट्टी आहे असंही तो म्हणाला. पट्टी कशासाठी ते त्याला सांगता आलं नाही. तूच लिही.

डोमाजीनं आणखी एक सांगितलं. तिरडीची गोष्ट अकोल्यात सगळ्यांना माहीत झाली आहे. तेव्हा आता ती माझ्याकडूनच ऐक.

तुझं लग्न व्हायच्या आधी तू पाहिलंच आहेस. अकोल्यात सामना असला की पेठेतले शौकीन दुपारपासून केशवरावच्या पानठेल्यासमोर जमतात. डोमाजी आपल्या पेठेतला. अमरावतीनं सामना मारला तर तो बडनेरा रोडवरून येताना तीन वेळा लांब भोंगा देतो, हरलो तर मुकाट्यानं गाडी पुढं काढतो. निकालाचा कागद कंडक्टर माझ्याकडे देतो. मी स्टुलावर उभा राहून तो मोठ्यानं वाचतो आणि मग फळ्यावर खडूनं लिहितो. अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. नऊ वर्षं तो भोंगा ऐकला नव्हता.

परवाच्या रविवारी सामना सकाळचा होता. तीन वाजता पहिला भोंगा ऐकू आला. लोकांना वाटलं रस्त्यात म्हैस आली असेल. दुसरा आला तेव्हा लोक उठून रस्त्यावर आले. तिसरा आला आणि केशवरावनं पानाचा डबा उचलून उलटा केला, सगळी पानं रस्त्यावर. सायकलवाले सायकली टाकून नाचले. समोरच्या हॉटेलवाल्यानं जिलबीची परात बाहेर आणून ठेवली. आमच्या क्लबचे अध्यक्ष खुशालराव, ते तर रडत होते. त्यांनी मला मिठी मारली. खुशालराव तुला आठवतात. त्यांच्या दुकानात आपल्याला अजून सामान वरून ओंजळीत टाकून मिळतं. त्या माणसानं भर रस्त्यात मला छातीशी धरलं, कौशल्या.

मग कुणीतरी तिरडीची गोष्ट काढली. शिमग्यात जिवंत माणसाला तिरडीवर घालून फिरवतात ना, तसंच. दोन बांबू आले. हिरव्या स्वेटरमध्ये गवत भरलं, हातांना मोजे बांधले, छातीवर 'अकोल्याचा कीपर' अशी पाटी. पुढं विस्तवाचं मडकं कोणी धरायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळे म्हणाले, "शेषराव तं साळा आहे कीपरचा. घरचा मानूस. त्यालेच द्या."

मी धरलं. तुझी चिठ्ठी माझ्या हाती आली तेव्हा मडकं माझ्या हातात होतं. टाकून पळणं शक्य नव्हतं.

पेठेतले सगळे म्हणतात की जिवंत माणसाच्या मरणाची खोटी आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं. म्हणजे आम्ही जावईबापूंचं भलंच केलं. बाबांना मी हे सांगून पाहिलं. ते तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते, ते बोलले. म्हणाले, "हे मडकं आपन छप्पन साली नागपूरले टाकून आलो. खऱ्या मयतीतबी आपल्या घरचा मानूस ते धरत नाही आता. अन् तुनं ते मस्करीत उचललं, तेबी आपल्याच जवायासाठी." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी जेवण पुढं ठेवलं ते त्यांनी घेतलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

तू रागावली असशील तर या मडक्यासाठी रागाव. तेवढी चूक मला मान्य आहे. पत्र मात्र पाठव.

शेषराव


राजापेठ
सोमवार, ता. २६ ऑगस्ट १९६३

कौशल्या,

काल तू मला दवाखान्याच्या दारातून परत लावलंस. सकाळच्या गाडीनं आलो, दुपारच्या गाडीनं परत आलो. सोबत आणलेली मोसंबी तुझ्या सासूबाईंच्या हाती दिली. गोदाबाईंनी निदान "पानी पेऊन जा" म्हटलं. तू तेही म्हटलं नाहीस.

तू दारात आडवा हात लावून उभी होतीस आणि इतकं हळू बोलत होतीस की मला वाकून ऐकावं लागलं. आपल्या घरात तू सगळ्यांत मोठ्यानं बोलणारी. दोन अंगणं ओलांडून तुझी हाक यायची. काल मात्र पुटपुटल्यासारखं विचारलंस, "चिठ्ठी किती वाजता भेटली?"

मी म्हणालो, उशिरा.

"तीनले भेटली. कंडक्टरनं तुह्या हातात देल्ली. चारले गाडी होती."

मी तिरडीबद्दल बोलायला लागलो. हात जोडले. तू म्हणालीस, "तिरडीचं मले काही सांगू नको. तू घेतली ती दीक्षा मीबी घेतली. मी अपशकुन मानत नाही. मी चारची गाडी मानते."

मला तुझ्या खांद्यावरून आत थोडं दिसलं. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी, डोकं बांधलेलं, आणि ते एवढे उंचेपुरे जावईबापू गादीवर आखडून निजलेले. त्यांचे हात पांघरुणाच्या बाहेर होते. ज्या हातांनी आमच्या क्लबच्या सूर्यभानच्या किका हवेतून तोडल्या ते हात पांघरुणाची दशी चाचपत होते. मला आत जायचं होतं, कौशल्या. मी तुला ढकलून जाऊ शकलो असतो, पण धीर झाला नाही.

बाहेर कंपाउंडरनं सांगितलं की उजवा डोळा गेला आहे, डाव्याचं पट्टी सोडल्यावर कळेल. पुढं काय, ते मला विचारायची गरज नव्हती. जावईबापूंसारख्या रेल्वेच्या पाइंटमनला लाल आणि हिरवा कंदील लांबून ओळखावा लागतो. एका डोळ्याच्या माणसाच्या हातात रुळांचे सांधे कोण देणार? डावाही गेला तर तुम्ही दोघं आणि गोदाबाई कशाच्या आधारावर उभे राहणार, हा विचार करत मी मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं आलो. बसायला जागा होती.

तर लिहितो. चिठ्ठी मला तीन वाजता मिळाली. कंडक्टरनं माझ्याच हातात दिली. मी ती वाचली आणि खिशात ठेवली. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं आणि दुसऱ्यात त्याहून वेगळं खोटं लिहिलं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. साहेबांनी रजा नाकारली हेही खोटं, मी मागितलीच नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं आहे.

मला वाटलं नेहमीसारखं लागलं असेल. मला वाटलं तू घाबरट आहेस. एवढंच.

शेषराव


राजापेठ
गुरुवार, ता. ५ सप्टेंबर १९६३

कौशल्या,

एवढंच नव्हतं.

काल संध्याकाळी सूर्यभान घरी आला. आमच्या उदय क्लबचा फॉरवर्ड, ज्याच्या गोलानं आम्ही जिंकलो तो. त्या दिवशी संघ रात्री परत आला तेव्हा खुशालराव हार घेऊन उभे होते, आणि सूर्यभान हार न घेताच बाजूच्या गल्लीनं घरी गेला होता. लोक म्हणाले, पोराला गर्व झाला. काल तो ओसरीवर बसला आणि बराच वेळ पायातल्या वहाणेशी चाळा करत राहिला. मग गोल कसा झाला ते त्यानं सांगितलं. कॉर्नर होता. चेंडू हवेत होता, जावईबापूंनी उडी मारून तो दोन्ही हातांत धरलाही होता. सूर्यभानचा गुडघा त्यांच्या कानशिलावर बसला. ते खाली पडले, हातातला चेंडू सुटून रेषेपलीकडे घरंगळला, आणि शिट्टी वाजली. गोल दिला. चिखलात कोण पडलं आहे हे पाहायच्या आधी आमच्या पोरांनी सूर्यभानला खांद्यावर घेतलं होतं.

"म्या मुद्दाम नाही मारलं, शेषराव," तो म्हणाला. "पन ज्या गोलासाठी तुमी नाचले तो असा होता. मी दवाखान्यात सांजपर्यंत बसलो होतो. तुही बहीन दर घडीले दाराकडं पाहे. मले वाटलं तू येशीन."

ज्याच्या गुडघ्यानं डोळा गेला तो माणूस तिथं बसला होता. आणि मी इथं मडकं धरून.

म्हणून आता जे राहिलं आहे ते लिहितो. लिहिल्यावर तू मला भाऊ म्हणणार नाहीस, पण न लिहिता मला हात चालवता येत नाही. कचेरीत माझ्या अक्षराला साहेब कोंबडीचे पाय म्हणाले.

कंडक्टरनं दोन कागद दिले होते. एक निकालाचा, एक तुझा. मी स्टुलावर चढलो आणि पहिला वाचला, 'अमरावती एक, अकोला शून्य.' पुढं काय झालं ते तुला कळवलं आहे. खुशालरावांची मिठी, जिलबी. मग लोक ओरडायला लागले, "दुसरा वाच, दुसऱ्यात काय हाय?" मी तो उघडला आणि आधी मनात वाचला. तुझं अक्षर मला लांबून ओळखू येतं. मीच तुला गिरवायला शिकवलं. 'दादा, यायच्या डोक्याले लागलं. सुद नाही. याच गाडीनं वापस ये.'

मी कागद घडी करून खिशात ठेवू शकलो असतो. खाली उतरून गाडीत बसू शकलो असतो. पण चारशे माणसं माझ्याकडे तोंड करून उभी होती, आणि खुशालराव सगळ्यांत पुढं होते. मी मोठ्यानं वाचलं. 'डोक्याले लागलं, सुद नाही,' इथपर्यंत वाचलं. शेवटचं वाक्य वाचलं नाही. म्हणजे मला सगळं समजत होतं. मी काही भान हरपलेला नव्हतो.

आणि मग रडवा आवाज काढून मीच म्हणालो, "अकोल्याचा कीपर गेला हो."

लोक इतके हसले की केशवरावच्या फळीवरच्या बाटल्या हलल्या. तिरडीची गोष्ट कुणीतरी काढली असं मी लिहिलं होतं. तो कुणीतरी मी.

मडकं माझ्या गळ्यात बांधलं नाही कुणी. मी हात पुढं केला. तुला कसं समजावू? या पेठेत कुणाची मयत निघाली की आपण चार हात मागून चालतो. खांदा द्यायला कुणी आपल्याला बोलावत नाही, आपण विचारत नाही. त्या दिवशी खुशालराव तिरडीला खांदा देऊन होते आणि मी त्यांच्या पुढं होतो. सगळ्यांच्या पुढं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक माझं नाव घेत होते. मी फुगलो. त्या अर्ध्या तासात मला राजापेठ माझी वाटली, आणि त्यासाठी मी तुझा नवरा तिरडीवर घातला. दुसऱ्या दिवशी मी खुशालरावांच्या दुकानात साखर घ्यायला गेलो. साखर वरूनच पडली.

शेवटचं. चारची गाडी मला चुकली नाही. आमची मिरवणूक रस्त्यात होती म्हणून ती थांबली होती. डोमाजीनं खिडकीतून डोकं काढून हाक मारली, "शेषराव, चाल ना. माह्यामागं जागा धरून ठेवली तुह्यासाठी." मी मडक्याचा हात वर केला आणि त्याला पुढं जा अशी खूण केली. लोकांना तीही मस्करी वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता काहीच राहिलं नाही. बाबांना मी हे सगळं आत्ताच वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मले काहून सांगतं? ज्याले सांगाचं त्याले सांग." बरोबर आहे. मी रविवारी, पंधरा तारखेला, सकाळच्या गाडीनं येतो. तू दारात उभी राहिलीस तरी मी आत येणार आहे. जावईबापूंच्या पायाशी बसून त्यांना हे सगळं माझ्या तोंडानं सांगणार आहे. मग त्यांनी लाथ मारली तर ती मी खाईन. मला त्याशिवाय झोप लागणार नाही.

शेषराव


अकोला
मंगळवार, ता. १० सप्टेंबर १९६३

दादा,

मले तुह्यासारखं लिहिता येत नाही. मी बोलतो तसं लिहून राहिली.

तुही चारही पत्रं भेटली. तू आता जे लिहिलं ते मले पहिल्याच सोमवारी मालूम होतं. कंडक्टरनं सारं सांगतलं, चिठ्ठी वाचली तेबी, डोमाजीले हात हालवला तेबी. मी पाहून राहिली होती, तू कितव्या पत्रात लिहितं ते. चवथ्यात लिहिलं.

यायची पट्टी सुटली. डावा डोळा आहे. उजवा गेला. रेल्वेचे साहेब म्हनतात पाइंटवर घेता येत नाही, वेटिंग रूमवर पानीवाल्याची जागा पाहू. ते हो म्हनले. कीपरच्या हातात बादली, असं म्हनून हासले. मी बाहीर जाऊन रडली.

आता ध्यान देऊन वाच.

बुधवारी यायले सुद आली तवा डोयावर पट्ट्या होत्या. पयले पानी मांगतलं. मंग इचारलं, "शेषराव आला का?" मैदानावर पडल्यावर सुद जायच्या आधी त्यायनंच मले सांगतलं होतं, शेषरावले कळव, तो धावत येईन. म्हनून म्या तुले चिठ्ठी धाडली. माह्या मनानं नाही धाडली.

मी काय सांगू? मी म्हनली, आला होता. त्याच गाडीनं आला. तुमच्या उशापाशी बसला होता दोन दिवस, रजा संपली म्हनून आजच गेला.

सासू तिथंच होती. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् मले खोटी पाडली नाही. उलट म्हने, होव, त्यानंच तुह्ये पाय दाबले. तिनं माही अब्रू झाकली, दादा. आता जलमभर तिच्यापुढं मान वर करता येत नाही मले. तुह्यासाठी नाही केलं म्या. माह्या मायच्या घरचं कोनीच आलं नाही, हे त्या मानसाले अंधारात पडल्या पडल्या आयकाचं होतं काय?

म्हनून तुले दारातून वापस लावलं. तू आत येऊन रडला असता अन् सारं ओकला असता. ते जागेच होते. म्हनून हळू बोलली.

तिरडीचं त्यायले मालूम आहे. लोकं येतात अन् सांगतात. दोघा-तिघायनं हेबी सांगतलं का मडकं तुह्या साळ्यानं धरलं होतं. ते मानत नाहीत. भांडतात लोकायसंग. परवा कॉलनीतल्या सहदेवले म्हनले, उठ इथून, माह्या सोयऱ्याले नाव ठेवतं. तो माह्या उशापाशी होता. मी बेसुद होतो पन मले त्याचा हात समजत होता.

समजत होता म्हनतात, दादा. अन् मी तिथं बसून आयकतो.

मले रोज इचारतात, "मडकं मंग कोन धरलं असन? शेषराव तं इथं होता."

तू रविवारी येनार अन् त्यायच्या पायाशी सारं सांगनार. मंग तुले झोप लागन. अन् त्यायची? त्यायचा एक डोया गेला, नौकरी गेली. तू धावत आला होता, एवढं एक राह्यलं त्यायच्यापाशी. तेबी तू तुह्या झोपेसाठी घेऊन जानार काय?

तुले माफी पाह्यजे. मी देत नाही. अन् त्यायच्याकडून तुले मांगू देत नाही.

येजो. पन आला होता तो मानूस म्हनून येजो. सोमवारी, मंगळवारी कसे दिसत होते ते इचारतीन. डोक्याले पांढरा फडका होता, डावा हात सलाईनीचा होता म्हनून बांधून होता, तोंडानं चंद्रभागा चंद्रभागा म्हनत होते. त्यायच्या मेलेल्या बहिनीचं नाव. पाठ कर. सूर्यभान गेल्या हप्त्यात येऊन गेला, त्याले म्या सांगून ठेवलं. तो बोलनार नाही.

यायच्या आधी त्यायले एक पत्र लिही. डाक्टरनं वाचाले मना केलं आहे. मी वाचून दाखवीन.

कौशल्या


राजापेठ, अमरावती
गुरुवार, ता. १२ सप्टेंबर १९६३

चंद्रभानजी, तुम्हाला शेषरावचा जयभीम.

पट्टी सुटली आणि डावा डोळा शाबूत आहे हे कौशल्येच्या पत्रावरून कळलं. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आम्ही रविवारी सकाळच्या गाडीनं येत आहोत. बाबांचे गुडघे दुखतात, तरी ते यायचं म्हणतात. मी नको म्हणालो तर म्हणाले, "मी तुह्यासंगं येतो. तुले एकटं बोलू देत नाही."

तुम्ही मला विचाराल म्हणून लिहून ठेवतो. सोमवारी तुम्हाला फार ताप होता. डोक्याला पांढरा फडका बांधला होता आणि डावा हात बांधून ठेवला होता, म्हणून मी तुमचा उजवा हात धरून बसलो होतो. तुम्ही सारखं चंद्रभागेचं नाव घेत होता. मंगळवारी थोडा घाम आला, मग तुम्ही शांत निजलात. गोदाबाईंनी दोनदा चहा करून दिला. तुमचे पाय दाबताना मला लहानपणी आजारी पडलो की माय दाबायची ते आठवत होतं. रजा संपली म्हणून बुधवारी निघालो. तुम्ही डोळे उघडले तेव्हा मी नव्हतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वेटिंग रूमच्या कामाचं मनावर घेऊ नका. सूर्यभानही आमच्याबरोबर येणार आहे. त्यानं या हंगामात खेळायचं सोडलं आहे. त्याला तुम्हीच दोन शब्द सांगा, तुमचं तो ऐकेल.

माझ्यासाठी तुम्ही लोकांशी भांडता, असं कौशल्येनं लिहिलं आहे. भांडू नका. डोक्याला ताण बरा नाही.

पेठेत तिरडी निघाली हे खरं आहे. परत आल्यावर मीही ऐकलं. मडकं कोणी धरलं ते मला सांगता येत नाही. मी तिथं नव्हतो.

तुमचा
शेषराव